चार महिने उभी गाडी आणि चार्जरचा हिरवा दिवा

दसरा जवळ आला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी जूनपासून झाकून ठेवली होती, पूजेसाठी धुवायला बाहेर काढली, चावी लावली, सेल्फ मारला, तर आतून नुसता टक-टक आवाज. बॅटरी काढून चार्जरला लावली, थोड्या वेळात हिरवा दिवा आला, बॅटरी परत बसवली, पुन्हा टक-टक. आता दोष कुणाचा? गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे, चार्जर बघा. तिसरा कुणीतरी वायरिंग उघडायला सांगतो. या गोंधळात कधी चांगली बॅटरी भंगारात जाते, तर कधी नवी बॅटरी घातली जाते आणि तीही पुढच्या पावसाळ्यात मरते.

हे टाळता येतं आणि त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं छोटं यंत्र), एक रात्र थांबायची तयारी आणि कशानंतर काय तपासायचं याची समज, एवढं पुरतं. बॅटरी, गाडी आणि चार्जर हे तिघे एकमेकांना जोडलेले असताना दोष कुणाचा ते कळणार नाही. म्हणून आधी तिघांना वेगळं करायचं आणि मग एकेकाला तपासायचं.

पूर्वी असं होत नव्हतं, आताच का?

पूर्वीही व्हायचं, पण कळायचं नाही. किक होती. बॅटरी पार उतरली असली तरी कार्ब्युरेटरची गाडी किकवर सुरू व्हायची आणि थोडी फिरली की बॅटरीत जीव यायचा. 1 एप्रिल 2020 पासून देशात धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या दुचाक्या फ्युएल इंजेक्शनवर आल्या. या गाडीत पेट्रोल आपोआप खाली उतरत नाही. टाकीतला विजेचा पंप ते ढकलतो आणि किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ठरवतो. दोघांनाही वीज लागते. बॅटरी अगदीच बसली असेल तर पंप फिरत नाही, ठिणगी पडत नाही आणि उतारावरून ढकलूनही गाडी सुरू होत नाही. त्यात कित्येक मॉडेलमधून किकच काढून टाकली आहे. बॅटरी पूर्वी सोय होती, आता तिच्यावाचून गाडी हलत नाही.

बॅटरीच्या पेटीत असतं काय?

बहुतेक दुचाक्यांत आजही शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी असते. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्तेने 1859 मध्ये ती बनवली आणि तिचं मूळ तत्त्व तेव्हापासून तेच आहे. आत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसते. तिच्यावरचा ‘12 व्होल्ट’ हा आकडा नावापुरता समजायचा. खरोखर 12.0 व्होल्ट दिसत असतील तर ती बॅटरी पाऊण रिकामी झालेली आहे.

दुसरा आकडा असतो एएचचा, म्हणजे अ‍ॅम्पिअर-तासांचा. 9 एएच म्हणजे ढोबळमानाने ती बॅटरी एक अ‍ॅम्पिअर करंट नऊ तास देईल. स्कूटरमध्ये 3 ते 5 एएचची चिमुकली बॅटरी असते, 350 सीसीच्या गाड्यांत 8 ते 14 एएचची. हा आकडा लक्षात ठेवा, चार्जर निवडताना लागणार आहे.

जुन्या पद्धतीच्या बॅटरीवर झाकणं असतात आणि पाण्याची पातळी बाहेरून दिसते. सील्ड बॅटरीत (पेटीवर व्हीआरएलए लिहिलेलं असतं) अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत मुरलेलं असतं, ती उघडायची नसते. तिला ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणतात आणि तिथेच लोक फसतात. पाणी घालावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंग तिलाही लागतं.

उभ्या उभ्या बॅटरी मरते कशी?

वीज देताना बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. चार्ज केलं की तो विरघळून जातो. हे रोजचंच आहे, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते हा थर महिनोन्‌महिने तसाच राहिला की. सुरुवातीला मऊ आणि बारीक असलेले कण हळूहळू मोठे, कडक स्फटिक होतात आणि मग साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. उभ्या गाडीतल्या बहुतेक बॅटऱ्या यानेच जातात.

गाळाने भरलेली विहीर डोळ्यांपुढे आणा. पहिल्याच पावसात ती काठोकाठ भरते. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाणीच पाणी. मोटर लावली की दहा मिनिटांत तळ उघडा पडतो. सल्फेशन झालेल्या बॅटरीचं तेच होतं. व्होल्ट म्हणजे पाण्याची पातळी. खाली गाळ किती साचलाय हे पातळी बघून कळत नाही.

सल्फेशन अर्धवट रिकाम्या बॅटरीत वाढतं. म्हणून ‘गाडी सुरू होतेय ना, मग बॅटरी ठीक आहे’ असं म्हणून 12.2 व्होल्टवर ती झाकून ठेवणं हेच तिचं मरण. साठवणीला निघालेली बॅटरी पूर्ण भरलेली असली पाहिजे.

चावी बंद आहे, मग करंट खातं कोण?

दोघे खातात. एक तर बॅटरी स्वतःच. कशालाही जोडलेली नसली तरी ती हळूहळू उतरते. चांगली सील्ड बॅटरी 25 अंशांच्या आसपास महिन्याला साधारण तीन टक्के गमावते, पाण्याची बॅटरी त्याहून बरीच जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणून पत्र्याच्या शेडखाली मे महिना काढलेली बॅटरी सावलीतल्या बॅटरीपेक्षा लवकर बसते.

दुसरी खाणारी मंडळी गाडीत असतात: घड्याळ, ईसीयूची स्मृती, अलार्म आणि अलीकडे हौसेने बसवलेला जीपीएस ट्रॅकर. हिशेब करून बघू. गाडी फक्त 3 मिलिअ‍ॅम्पिअर खात असेल तर दिवसाला 72 मिलिअ‍ॅम्पिअर-तास जातात आणि महिन्याला दोन एएचहून थोडे जास्त. 9 एएचची बॅटरी चार महिन्यांत जवळजवळ रिकामी, 4 एएचची स्कूटरची बॅटरी दोन महिन्यांच्या आतच. ट्रॅकरमुळे हाच आकडा 15 मिलिअ‍ॅम्पिअरवर गेला तर 9 एएचची बॅटरी 25 दिवसांत संपते. यात बॅटरी सदोष नसते, गाडीही नसते. नुसतं गणित असतं.

तुमची गाडी किती खाते हे मोजता येतं. चावी बंद. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर काढा. मल्टिमीटरची लाल वायर 10 अ‍ॅम्पिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी करंटवर ठेवा आणि त्याची एक टोकणी निगेटिव्ह वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. जोडल्या जोडल्या आकडा जास्त दिसतो, कारण ईसीयू जागा होतो. काही मिनिटं थांबा, आकडा खाली बसेल. तो नगण्य झाला की मिलिअ‍ॅम्पिअरच्या भोकात जाऊन बारकाईने मोजा. मध्येच चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती करंटच्या भोकात राहिली आणि पुढच्या खेपेला तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावली, तर तो थेट शॉर्ट असतो.

काही मिलिअ‍ॅम्पिअर दिसले तर चिंता नको. 20-30 दिसले तर नंतर बसवलेल्या वस्तू एकेक करून काढा. बहुतेकदा तिथेच उत्तर सापडतं.

व्होल्ट मोजा, पण चार्जर काढल्या काढल्या नको

चार्जर नुकता काढलेला असताना बॅटरी 13 व्होल्टच्या वर दिसते. तो वरवरचा फुगवटा असतो. रात्रभर बॅटरी कशालाही न जोडता बाजूला ठेवा आणि सकाळी मोजा. तो आकडा खरा.

12.6 ते 12.8 म्हणजे भरलेली, सील्ड असेल तर थोडं वरही दिसेल. 12.4 म्हणजे पाऊण. 12.2 म्हणजे निम्मी. 12.0 म्हणजे पाव. त्याखाली गेली की तिला लगेच चार्जर हवा. आणि पूर्ण चार्ज करूनही सकाळी 10.5 च्या आसपास दिसत असेल तर सहांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. तिच्यावर आणखी वीज घालवण्यात अर्थ नाही.

मल्टिमीटर चारपाचशे रुपयांचा चालतो, फक्त त्याची स्वतःची बॅटरी बघा. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह लुकलुकत असेल तर मीटर खरं असेल त्याहून जास्त व्होल्ट दाखवतो आणि मेलेली बॅटरीही निरोगी ठरते.

आता गाळाची परीक्षा. बॅटरी गाडीत बसवा, मीटरच्या टोकण्या बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चांगल्या बॅटरीचे व्होल्ट खाली येतात, पण साडेनऊच्या वर राहतात. 12.6 वरून थेट आठ, सहा असे कोसळले तर बॅटरीत दम नाही, सकाळचा आकडा कितीही चांगला असो. उलट, टक-टक होतंय पण मीटर बाराच्या वरच स्थिर आहे, तर बॅटरीकडे बोट दाखवू नका. करंट तिच्यातून बाहेरच पडत नाहीये. मग सेल्फचा रिले (सेल्फकडे करंट सोडणारा स्विच), अर्थिंगची वायर, ढिला नट ही ठिकाणं बघायची. टर्मिनलवर ढिला बसलेला किंवा पांढऱ्या-हिरवट पुडीने भरलेला जोड हा तर नेहमीचाच गुन्हेगार. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत चार महिन्यांत तिथे इतकी पूड धरते की वायरचं टोक दिसेनासं होतं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून, ब्रशने घासून, कोरडं पुसून, घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावली की तो जोड पुढचं वर्षभर त्रास देत नाही. पाण्याच्या बॅटरीवर हे करताना सोडा झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

या एका चाचणीने निम्मे वाद मिटतात. दुकानात नवी बॅटरी मागण्याआधी ती करून बघा, एवढी कळकळीची विनंती.

हिरवा दिवा आला, तरी गाडी का सुरू होत नाही?

कारण चार्जर फक्त व्होल्ट बघतो. बॅटरी ठरावीक व्होल्टवर पोचली आणि करंट घेईनाशी झाली की तो म्हणतो, भरली. सल्फेशन झालेल्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढलेला असतो, त्यामुळे थोडा करंट घातला तरी व्होल्ट झटकन चढतात. चार्जर खोटं बोलत नाही, त्याला पातळी दिसते आणि तेवढीच तो सांगतो.

म्हणून किती वेळ लागला हे बघा. समजा 9 एएचची बॅटरी निम्मी उतरली आहे आणि चार्जर 0.9 अ‍ॅम्पिअर देतो. भरायला साडेचार एएच हवेत, म्हणजे नुकसान धरून किमान पाच-सहा तास. वीस मिनिटांत आत जातात 0.3 एएच. वीस मिनिटांत हिरवा दिवा लागला तर बॅटरीने चार्ज घेतलाच नाही.

याच्या बरोबर उलटही होतं: लाल दिवा दिवसभर हटत नाही. चार्जर फार लहान असेल किंवा बॅटरी गाडीतच असून ट्रॅकर करंट ओढत असेल, तर असं होतं. दोन्ही नसेल आणि बॅटरी हाताला गरम लागत असेल तर आतला सेल गेला आहे. फुगलेली पेटी किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर भिंतीपासून बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बॅटरी थंड होईपर्यंत हात लावू नका आणि नंतर ती थेट भंगारात द्या.

चार्जर बॅटरीला ओळखतच नाही

आजकालचे स्मार्ट चार्जर आधी बॅटरीला व्होल्ट विचारतात. उत्तर फारच कमी आलं, तर त्यांना वाटतं की क्लिपा हवेत लोंबकळताहेत, किंवा ही 6 व्होल्टची बॅटरी आहे. मग ते चार्जिंग सुरूच करत नाहीत. लोक समजतात चार्जर जळाला. प्रत्यक्षात बॅटरी त्याच्या ओळखीच्या खाली गेलेली असते.

शिशाच्या बॅटरीसाठी यावर एक युक्ती आहे. दुसरी चांगली 12 व्होल्टची बॅटरी तिच्याशी समांतर जोडा, लाल लालला, काळी काळीला. मग चार्जर लावा. तो चांगल्या बॅटरीचे व्होल्ट बघून सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटांनी चांगली बॅटरी काढून घ्या. तोवर उतरलेली बॅटरी थोडी वर आलेली असते आणि चार्जर तिला धरून ठेवतो. वायर तापायला लागल्या तर लगेच सोडवा, बॅटरी आतून शॉर्ट आहे. हे मोकळ्या हवेत करा, कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि त्याला एक ठिणगी पुरते. लिथियम बॅटरीवर ही युक्ती कधीही करू नका.

मग चार्जर खराब आहे हे कळणार कसं?

क्लिपांच्या टोकांवर मीटर लावून शून्य आलं म्हणून चार्जर मेला, असं नसतं. पुष्कळ स्मार्ट चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्ट बाहेरच काढत नाहीत. खरी परीक्षा चांगल्या बॅटरीवर होते. शेजाऱ्याच्या गाडीची चालती बॅटरी घ्या, आधी व्होल्ट मोजा, मग चार्जर लावून पुन्हा मोजा. काही मिनिटांत आकडा 13 च्या पुढे सरकायला हवा आणि पुढे 14 ते साडेचौदाच्या आसपास थांबायला हवा. हललाच नाही, तर चार्जर किंवा त्याची वायर गेली. त्यातही आधी वायर बघा: तिच्यात बहुधा एक छोटा फ्यूज असतो, त्याच्या डबीत ओल शिरते आणि पत्ती गंजते. उंदरांनी कुरतडलेली वायरही मी कमी पाहिलेली नाही.

आकडा पंधराच्या वर चढत गेला तर तो चार्जर वापरू नका. गॅरेजमधले जुने ट्रान्सफॉर्मरचे चार्जर असेच असतात. ते स्वतः थांबत नाहीत. ट्रकची बॅटरी त्यांना पचते, पण दुचाकीच्या चिमुकल्या बॅटरीचं पाणी उकळून उडून जातं. ढोबळ नियम असा की बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाइतका करंट द्यावा: 9 एएचला 0.9 अ‍ॅम्पिअर, 4 एएचला 0.4. कारचा पाच अ‍ॅम्पिअरचा चार्जर स्कूटरला लावायचा नाही.

लाइट गेली आणि परत आली तर?

पावसाळ्यात गावाकडे हा प्रश्न सगळ्यात मोठा असतो आणि चार्जरच्या खोक्यावर तो कुठे छापलेला नसतो. बटणाने मोड निवडायचे काही चार्जर वीज परत आली की आपोआप सुरू होत नाहीत. ते नुसते स्टँडबायवर बसतात आणि कुणीतरी बटण दाबायची वाट बघतात. जूनच्या पहिल्या वादळात लाइट जाते, दोन तासांनी येते आणि सप्टेंबरपर्यंत चार्जर तसाच. त्यातून काही चार्जर भिंतीकडून वीज नसताना बॅटरीतूनच थोडा करंट मागे ओढत राहतात, म्हणजे राखायला ठेवलेलाच खायला लागतो.

तुमचा चार्जर कसा वागतो हे घर बंद करण्याआधी तपासा. बॅटरी जोडून चार्जर सुरू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. दिवे पुन्हा चार्जिंगवर आले तर ठीक. नाहीतर तो चार्जर कुलूपबंद घरात चार महिने ठेवण्याच्या लायकीचा नाही. मधूनमधून बघायला कुणी असेल तरच वापरा.

‘मी तर दर आठवड्याला गाडी चालू करून दहा मिनिटं ठेवतो’

हे खूप जण प्रेमाने करतात आणि त्याचा फायदा फार थोडा होतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, तिचा मॅग्नेटो (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) कमी वीज बनवतो. 2017 पासूनच्या गाड्यांत हेडलाइट बंदच करता येत नाही, मग त्यातली बरीचशी दिव्यात जाते. वर इंजिन पुरेसं तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. चालवायचीच असेल तर पाऊस उघडल्यावर अर्धा तास रस्त्यावर न्या. ते जमत नसेल तर इंजिनाला हात न लावता बॅटरी सोडवणं जास्त चांगलं.

दुसरी समजूत अशी की बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते. जुन्या काळी पेट्या लाकडाच्या, कठीण रबराच्या असत आणि ओलीमुळे बाहेरून थोडी गळती होई, तेव्हा त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. लाकडी फळीवर ठेवायला हरकत नाही, पण फळीवर ठेवली म्हणून चार्जिंग टाळू नका.

तर जूनमध्ये करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे: चार महिन्यांसाठी चार्जर कायम लावून ठेवण्यापेक्षा बॅटरी सोडवून ठेवणं चांगलं. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत पार्किंगला प्लग पॉइंट नसतोच आणि गावच्या पडवीत लाइटचा भरवसा नसतो. पूर्ण चार्ज केलेली सील्ड बॅटरी गाडीपासून तोडली तर चार महिन्यांत तिच्यातलं फार थोडं जातं.

आधी पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघा. दोन खुणांच्या मध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, अ‍ॅसिड तर नाहीच. मग रात्रभर चार्ज करा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळण्यामागे कारण आहे: गाडीची सगळी चेसिस, म्हणजे धातूचा सांगाडा, निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्हचा नट सोडताना पाना चेसिसला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर काही होत नाही. बॅटरी बाहेर काढायला जागा अडचणीची असेल तर नुसती निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. घड्याळ शून्यावर जाईल, एवढंच.

नंतर महिन्यातून एकदा व्होल्ट मोजा. 12.5 च्या खाली दिसले की पुन्हा पूर्ण चार्ज. जहाजावर सहा-सहा महिने जाणाऱ्यांनी हे काम घरच्या कुणाला तरी नीट दाखवून जावं. लाल कुठे, काळी कुठे, हिरवा दिवा आल्यावर काय, हे कागदावर लिहून चार्जरला बांधलं की दहावीतला भाऊही ते करतो.

चार्जर कायम लावायचाच असेल तर तो ‘फ्लोट’ प्रकारचा हवा. असा चार्जर बॅटरी भरली की व्होल्ट 13.5 च्या आसपास उतरवतो आणि गळेल तेवढंच भरत राहतो. कायमचा छोटा करंट सोडत राहणारा साधा ट्रिकल चार्जर दिसायला तसाच असतो, पण तो महिनाभरात बॅटरी सुकवतो. खोक्यावर ‘ट्रिकल’ लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते मीटरने बघा: भरलेल्या बॅटरीवर रात्रभर ठेवून सकाळी व्होल्ट 14 च्या वरच असतील तर तो फ्लोट नाही. चार्जर सीटवर, गाडीच्या कव्हरखाली ठेवू नका. त्याला आणि बॅटरीला दोघांनाही हवा लागते.

कॅनडा-अमेरिकेत हिवाळाभर गाडी ठेवणाऱ्यांसाठी

टोरांटो किंवा मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या लोकांना नोव्हेंबर ते मार्च गाडी बंद ठेवावी लागते. तिथे थंडीमुळे बॅटरी आपोआप उतरणं मंदावतं, ही चांगली गोष्ट. धोका गोठण्याचा. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड दाट असतं, ते उणे 50 अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे दहाच्या आसपासच गोठून पेटी फोडू शकतं. गोठलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही. बॅटरी पूर्ण भरून घराच्या आत, तळघरात ठेवली की प्रश्न मिटतो.

लिथियम बॅटरी असेल तर तिचे आकडे वेगळे: स्वस्थ बसलेली असताना ती 13.3 च्या आसपास दिसते, आणि 12.8 दिसले म्हणजे बरीच उतरलेली. शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करू नये. चार्जर लिथियमला चालणारा हवा. शिशाच्या बॅटरीचा ‘रिपेअर’ किंवा ‘डिसल्फेट’ मोड तिच्यावर लावला तर तिचं नुकसान होतं.

नवीच घ्यायची वेळ आली तर

साडेनऊच्या परीक्षेत बॅटरी पूर्ण चार्ज होऊनही दोनदा नापास झाली, तर ती गेली. नवी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना बघा आणि दुकानातच व्होल्ट मोजायला सांगा. 12.5 च्या खाली असेल तर ती शेल्फवर बरेच दिवस पडून उतरली आहे, दुसरी मागा. घरी आणल्यावर बसवण्याआधी एकदा पूर्ण चार्ज करा. दुकानदार तुमच्यासमोर अ‍ॅसिड भरून देत असेल तर हे चार्जिंग मुळीच चुकवू नका, पहिलं चार्जिंग अपुरं राहिलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकद देत नाही.

जुनी बॅटरी त्याच दुकानात परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नेहमीच्या कचऱ्यात टाकता येत नाही. तिच्यातलं शिसं पुन्हा वितळवून वापरता येतं, म्हणून दुकानदार तिची किंमत नव्या बॅटरीतून कमी करतो. बिलावर ती वजावट वेगळी लिहून घ्या.